चौकोन मला दिसत होता

आक्का, परवा निपाणीच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझ्या ऑफिसातले लोक बेळगावहून एसटीनं आले होते. सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलले. तुझी रेघ कशी केसासारखी यायची, अवघड नकाशा आला की साहेब लोक तो तुझ्याच टेबलावर का ठेवायचे. मग कुणीतरी म्हणालं, "आता धाकटी बहीण दोन शब्द बोलेल." मी उभी राहिले. समोरच आई बसली होती. मी हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटला नाही. दुःख होतंच. पण मी गप्प बसले ती भ्यायले म्हणून. तोंड उघडलं असतं तर ती एक गोष्ट बाहेर पडली असती, आणि ती आईनं लोकांच्या देखत ऐकली असती.

ती गोष्ट तुला ठाऊक आहे. आपलं तिच्यावर बोलणंही झालं, अर्धंमुर्धं. तरी पहिल्यापासून सांगायची राहिली आहे. ती आज लिहून काढते.

त्र्याऐंशीचा हिवाळा होता, जानेवारी. आपण दोघी बेळगावजवळ हिंडलग्यात एका खोलीत राहत होतो. तू पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले कालव्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचं काम. सहा वर्षं झाली तरी हंगामीच. मी बेळगावात शिक्षिकेच्या ट्रेनिंगला. आई निपाणीत. तंबाखूच्या वखारीत अर्धं आयुष्य चाळण मारून तिनं छातीत धूळ भरून घेतली होती, आणि त्या वर्षी तिचा खोकला इतका वाढला की तू तिचं वखारीत जाणं बंदच केलंस. म्हणजे आपण तिघी तुझ्या एकटीच्या हातावर. मार्चमध्ये तू कायम होणार होतीस. त्याआधी सरकारी दवाखान्यात तपासणी असते. डोळ्यांचीसुद्धा.

तेव्हाच तो कॅमेरा आला. तुझे धारवाडकडचे इंजिनियर साहेब निवृत्त झाले. धरणाच्या कामाचे फोटो काढायला त्यांनी कधीकाळी घेतलेला तो रशियन कॅमेरा, लोखंडाच्या वजनासारखा जड. जाताना त्यांनी तो तुझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तगो, इदु निंदु." घे, हा तुझा. सोबत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेल्या तीन लेन्स. एक नेहमीची, एक आखूड आणि रुंद बघणारी, एक लांब. लांब लेन्सच्या आतल्या कडेला बुरशीचे बारीक धागे धरले होते. बेळगावच्या पावसानं कुणाला सोडलं आहे?

इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. साहेबांनी सांगितलेल्या सूचना तू तुझ्या नकाशातल्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर उतरवल्यास. आधी फिल्म पुढं ओढायची, मगच वेगाचा आकडा फिरवायचा, उलटं केलं तर आतलं मोडेल. फोकसचं तू मला तीनतीनदा समजावलंस. या कॅमेऱ्यात लेन्समधून थेट बघता येत नाही, मागच्या बारीक खिडकीला डोळा लावायचा. मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दुहेरी दिसते. लेन्सची कडी फिरवत राहायचं. दोन्ही प्रतिमा एकीवर एक बसल्या की झालं. लांब लेन्सला हे फार जपून करावं लागतं, तिथं अंदाज चालत नाही, असं साहेब म्हणाले होते.

रविवारी सकाळी आपण कंग्राळीच्या बाजूला चालत गेलो. भात कापून झालं होतं, रानात मसूर वीतभर आली होती. तू ऑफिसातला टेप आणला होतास. एका गोठ्याच्या भिंतीला जुनं वर्तमानपत्र चिकटवलंस आणि तिथून पाच फूट, दहा फूट, पंधरा फूट अशा रेघा मातीत ओढल्यास. प्रत्येक लेन्स प्रत्येक रेघेवरून तपासायची, चौकोनात जुळलेलं अंतर आणि टेपवरचं अंतर एकच येतं का बघायचं. तुझ्या कामात सगळं असंच मोजून असायचं.

आपला टेप बघून त्या रानाची मालकीण धावत आली. पदर खोचलेला, हातात खुरपं.

"कसली मोजणी चाललीया बायांनो? रस्ता जातोय व्हय आमच्या रानातनं?"

"न्हाय वो मावशी," तू म्हणालीस. "फोटो काढतोय."

"फोटो काढाय टेप कशाला लागतोय?" तिला काही केल्या पटेना. तू ऑफिसची बाई आहेस हे तिनं बरोबर ओळखलं होतं. शेवटी तू तिच्या म्हशीचा फोटो काढून देते म्हणालीस, तेव्हा ती हसली, पण जाईपर्यंत चारदा मागं वळून बघत होती.

मग तू डोळा लावलास, उजवा. बराच वेळ कडी फिरवलीस, इकडून तिकडं, तिकडून इकडं. कॅमेरा खाली घेतलास, खिडकी पदरानं पुसलीस, पुन्हा लावलास.

"नंदे, ह्यातला चौकोन लई पुसट झालाय गं. मला दिसंनाच. तू बघ बरं."

मी बघितलं.

आक्का, मला चौकोन दिसला. लख्ख दिसला. पिवळा, कडा धरून. त्यात वर्तमानपत्राचा मथळा दुहेरी दिसत होता. मी कडी जरा फिरवली आणि दोन मथळ्यांचा एक झाला. याला दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

मी डोळा काढला नाही. तसाच लावून ठेवला. महिन्यापूर्वी तू कालव्याच्या नकाशावर शाई सांडली होतीस, सहा वर्षांत पहिल्यांदा. सुईत दोरा ओवताना तू मान वाकडी करून कडेनं बघायला लागली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "दिवाच कमी हाय ह्या खोलीत." हे सगळं मला त्या खिडकीतून एकदम दिसलं. मी तुला एवढंच म्हणायला हवं होतं की आक्का, डाव्या डोळ्यानं बघ. डाव्यानं तुलाही चौकोन दिसला असता आणि तिथंच कळलं असतं. शब्द ओठांवर आले होते.

मी कॅमेरा खाली घेतला. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. तुझ्या त्या चेहऱ्याची मला अजून भीती वाटते.

"व्हय आक्का," मी म्हणाले. "लई पुसट हाय. मला बी दिसंना."

तू हसलीस. खांदे सैल पडले तुझे. "मग जुनाच झालाय. पारा उडाला असंल आतला. चल, टेपनंच घेऊ."

मी तुझी भीती बघून खोटं बोलले असं मी पुढं स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. मी माझ्यासाठी घाबरले. तुझे डोळे गेले तर मार्चची तपासणी गेली, नोकरी गेली, माझं ट्रेनिंग गेलं, आणि मी आईच्या जागी वखारीत उभी. एवढं सगळं त्या दोन श्वासांत माझ्या मनात येऊन गेलं होतं. त्यात तुझ्या डोळ्यांचा नंबर शेवटचा होता.

त्या दिवशी आपण अर्धा रोल टेप लावून घेतला. मग तू विहिरीवर पाणी प्यायला गेलीस. मावशीची म्हैस बांधाला उभी होती. कॅमेऱ्याला लांब लेन्स होती. मी काहीही विचार न करता डोळा लावला, चौकोनात म्हशीचा डोळा जुळवला आणि बटण दाबलं. का दाबलं, ठाऊक नाही. खरं काय ते कुठंतरी नोंदलं जावं असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी तू कॅमेरा खडेबाजारात घड्याळवाल्या चाचांकडं नेलास. मी बरोबर होते. चाचा घड्याळांबरोबर कॅमेरेही उघडायचे. त्यांनी वरची टोपी काढली, काडीला कापूस गुंडाळून आतली काच पुसली, डोळ्याला लावून रस्त्यापलीकडची पाटी बघितली.

"काच एकदम साफ है बेटी. मेरेकू इस उमर में भी दिख रा."

तू घेतलास, बघितलंस. "जरा बरं हाय आता," म्हणालीस. मग माझ्याकडं दिलास. "तू बघ गं."

चौकोन कालच्यापेक्षाही लख्ख होता.

"अजून पुसटच हाय, चाचा," मी म्हणाले.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं, कॅमेरा पुन्हा स्वतः बघितला आणि टोपी बसवली. मजुरी घेतली नाही. तू समोरच्या दुकानात फिल्म आणायला गेलीस तेव्हा ते हळूच म्हणाले, "कॅमेरे में कुछ नहीं है. तेरी बहन की आँख दिखा, जल्दी." मी मान हलवली. तू परत आलीस आणि वाटेत विचारलंस, "काय म्हणत हुते गं चाचा?"

"काय न्हाय. जुनं हाय म्हणाले."

आक्का, खोटं बोलण्याला एकदा सुरुवात झाली की पुढचं आपोआप तोंडात येतं, हे मी त्या आठवड्यात शिकले. तू चूल पेटवताना काडी कुठं धरतेस, बसची पाटी किती लांबून वाचतेस, जिना उतरताना कठड्याला हात लावतेस का, हे मी चोरून बघत राहायचे. तू मागं वळलीस की मी पुस्तकात तोंड खुपसायचे. एकाच खोलीत राहून मी तुझ्यावर पाळत ठेवली होती, आणि तुला मदत मात्र काडीची केली नाही.

फोटो धुऊन आले. तू दारात उजेडाला बसून एकेक बघत होतीस, मान जरा तिरकी करून. टेप लावून घेतलेले बरे आले होते. मग म्हैस आली. पापणीचे केस मोजावेत इतकी स्वच्छ, नाकावरची माशीसुद्धा. तू तो फोटो कितीतरी वेळ हातात धरलास. मी भाकरी थापत होते, माझे हात थांबले.

"नंदे, ही म्हस कशी गं घेतलीस? टेप लावलावतास व्हय तिला?"

"अंदाजानं."

"लांबड्या लेन्सनं?"

"व्हय."

"अंदाज चांगला हाय तुझा," तू म्हणालीस, आणि फोटो पाकिटात घातलेस.

त्या क्षणी तुला कळलं. मला कळलं की तुला कळलं. आणि दोघीही जेवायला बसलो. आमटीत मीठ कमी आहे एवढंच बोललो.

त्यानंतर कॅमेरा ट्रंकेत गेला. तू म्हणालीस, "तपासणी होऊ दे, मग बघू." फेब्रुवारी सरताना एके दिवशी तू मला म्हणालीस, "नंदे, मला लई भ्या वाटतंय बघ तपासणीचं. घाबरले की अक्षरंच सुचत न्हाईत. तू जाऊन तक्ता बघून येशील?" अगदी सहज, दळण आणायला सांगावं तसं. मी हो म्हणाले. माझ्या ट्रेनिंगसाठी दाखला पाहिजे असं सांगून मी त्या दवाखान्यात बाकावर बसले आणि भिंतीवरच्या तक्त्यातली इंग्रजी अक्षरं वहीत उतरवली. कंपाउंडर जवळ येऊन विचारू लागला, "काय लिहितीस?" मी म्हणाले, "निबंध." वहीवर माझ्या तळहाताचा घाम उमटला होता.

चार दिवस आपण तो तक्ता पाठ केला. मी भिंतीवर खडूनं लिहायची, तू डावा डोळा झाकून म्हणायचीस. वरून खाली, खालून वर, मधूनच. मी बोट ठेवायची आणि माझं बोट कुठं आहे हे तुला दिसत नाही हे मला दिसायचं. तू अंदाज घ्यायचीस माझ्या बांगडीच्या आवाजावरून. ते ध्यानात आल्यावर मी बांगड्या मुद्दाम वाजवायला लागले. आपण दोघींनी एकदाही एकमेकींकडं बघितलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी पडद्याबाहेर उभी होते. तुझा आवाज आतून येत होता, ठाम, न अडखळता. शेवटच्या ओळीत तू मुद्दाम एक अक्षर चुकलीस, सगळंच बरोबर आलं तर संशय येईल म्हणून. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता. "पेढे घेऊ," म्हणालीस. आपण पेढे घेतले, आणि निपाणीच्या गाडीत बसलो. आई किती रडली होती त्या दिवशी, आनंदानं. "माझी पोर सरकारची झाली," म्हणत गल्लीभर फिरली.

एप्रिल तसाच गेला. तू काही बोलली नाहीस, मीही नाही. मे महिन्यात तुझं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. मिरजेला नेलं. डोक्याचे एक्स-रे झाले, आणखी काय काय झालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, आई बाकावर पेंगत होती. उजव्या डोळ्यामागं, आत खोलवर, गाठ आहे म्हणाले. पुण्याला न्यावं लागेल, डोकं उघडावं लागेल.

मी विचारलं, "जानेवारीत आणलं असतं तर?"

ते मला धीर देण्यासाठी म्हणाले असतील, "अशी गाठ वर्षानुवर्षं असते हो. चार महिन्यांनी फार फरक पडत नाही." मी तिथून हलेना, तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर केली. "कदाचित पडला असता. कदाचित नाही. कोण सांगणार?"

या कदाचितमध्ये मी तेव्हापासून राहते आहे, आक्का. अर्धा दिवस एका बाजूला, अर्धा दिवस दुसऱ्या.

पुण्यात गाठ सगळी निघाली नाही. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं थोडं दिसायचं. तुला निपाणीला आणलं. ऑफिसातून रजा मिळत गेली, दवाखान्याचे कागद मंजूर होत गेले. माझं ट्रेनिंग पुरं झालं. तू पडवीत खाटेवर बसून असायचीस, डोक्याला फडकं बांधून. आई तुझ्याजवळून हलायची नाही.

गणपतीच्या आसपास एका दुपारी आई बाजाराला गेली होती. तू म्हणालीस, "नंदे, ट्रंकेतनं कॅमेरा आण. माझा एक फोटो काढ."

"आता कशाला गं? केस येऊ देत की."

"आण म्हणते न्हवं."

मी आणला. लांब लेन्स लाव म्हणालीस, लावली. तुझ्यापासून आठ-दहा फुटांवर गुडघे टेकून बसले आणि डोळा लावला. चौकोनात तुझा चेहरा होता, दोनदा. माझे हात इतके कापत होते की दोन्ही चेहरे एकमेकांवर बसेनात.

"चौकोन दिसतोय न्हवं?" तू विचारलंस.

मी कडी फिरवत राहिले.

"तवा बी दिसत हुता न्हवं?"

मी डोळा काढला नाही. त्या खिडकीच्या आड होते म्हणून बोलता आलं. "व्हय आक्का. दिसत हुता. पहिल्या दिवसापास्नं दिसत हुता. चाचांनी बी सांगितलंवतं मला, बहिणीचा डोळा दाखव म्हणून."

आता तू काय म्हणशील? मला वाटलं, तू मला शिवी देशील. खरं तर द्यावीस असं वाटत होतं.

"मला ठावं हाय," तू म्हणालीस. "तुझ्यामुळं काय झालं न्हाय गं. मार्चपातुर मी कुणालाच डोळा दावणार नव्हते. हंगामी बाईला डोळ्याचं कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी. कायम झाल्यावर रजा बी, दवाखाना बी. मी मापूनच केलं सगळं."

क्षणभर मला इतकं हलकं वाटलं. आणि लगेच दुसरं मनात आलं आणि मी ते बोलूनही गेले. "मग एप्रिल का घालवलास? कायम झाल्यावर लगेच का न्हाय गेलीस?"

पडवीसमोर कुणाचं तरी कोंबडं माती उकरत होतं.

"भ्याले की गं," तू म्हणालीस. "लई भ्याले. दावलं की खरं हुतंय."

मी कॅमेरा खाली ठेवला. तुझ्याजवळ यावंसं वाटत होतं, पण तिथंच बसून राहिले.

"बसलीस काय? काढ की फोटो," तू म्हणालीस. "हात कापत असला तर भिंतीला टेक. आणि आधी फिल्म ओढ, मग आकडा फिरव."

मी पाठ भिंतीला टेकली आणि काढला. तो फोटो आला, पण नीट नाही आला. फोकस तुझ्या डोळ्यावर नाही, कानावर बसला आहे. कानातली रिंग अगदी स्पष्ट आहे. बाकी तू जराशी धूसर.

आक्का, मला अजून ठरवता येत नाही. तू मार्चपर्यंत थांबणारच होतीस हे खरं होतं, की मला सोडवायला तू ते त्या दुपारी रचलंस? जानेवारीत मी खरं बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली असतीस का? हे मी तुला विचारणार होते. आज विचारू, उद्या विचारू करत राहिले. तू रचलं असशील तर तेही माझ्याच वळणावर गेलं, घाबरलेल्या माणसाला बरं वाटेल ते सांगायचं. आपण दोघी बहिणीच ना शेवटी. तू गेलीस त्या सकाळी मी तुझ्या उशाशी होते, तू आईचा हात धरला होतास आणि माझा पदर. बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. म्हणजे, तुला शुद्ध नव्हती.

आता माझी भीती वेगळीच झाली आहे. मला कंग्राळीच्या शाळेत नेमणूक मिळाली आहे, सोमवारी रुजू व्हायचं आहे. आई एकटी राहणार. ती सगळ्यांना सांगते, माझ्या पोरीला अचानक आजार झाला, कुणालाच कळलं नाही. बायका येतात, "व्हय वो, नशीब," म्हणतात, आणि मी चहा देत उभी असते. सोमवारी मी काही न सांगता गेले असते तर हे असंच राहिलं असतं, आणि दर सुट्टीला घरी येताना माझे पाय जड झाले असते.

म्हणून आज चारच्या सुमाराला मी आईजवळ बसले. ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. चौकोन, चाचा, म्हैस, तक्ता. पडद्याबाहेर मी उभी होते तेही. आई निवडायची थांबली नाही, फक्त तिचे हात सावकाश झाले. माझं सांगून संपलं तरी ती मान खाली घालूनच होती. मला वाटलं, आता उठेल, मला घराबाहेर हो म्हणेल.

"दुखत हुतं का तिला तवा?" तिनं विचारलं.

"कवा आई?"

"तवाच. थंडीत. एकटीच सोसत हुती का?"

मी न्हाय म्हणणार होते. न्हाय आई, तवा काय दुखत नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं, आणि ते शब्द माझ्या तोंडात तयार होते, नेहमीसारखे. पण तू रात्री कपाळावर ओलं फडकं ठेवून झोपायचीस. मी कधी विचारलं नव्हतं.

"मला ठावं न्हाय, आई," मी म्हणाले. "मी इचारलंच न्हाय तिला."

आईनं पदर डोळ्यांना लावला. खोकला आला, तो सोसला. मग सूप उचलून आमच्या दोघींच्या मधे ठेवलं.

"ऊन जाईल," ती म्हणाली. "तू ह्या बाजूचे खडे काढ. माझ्या नजरेला येईनात."